शेडमागचं ताट

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

कावळा शिवला नाही.

आज अविधवा नवमी. अलकाला जाऊन दीड वर्ष झालं. माझ्या आधी, सवाष्ण गेली, म्हणून तिचा दिवस हा. सूनबाईंनी, म्हणजे इराने, कामाला जाण्याआधी वरण-भात, खीर आणि चार वडे करून ठेवले होते. पुण्याची, एवढी शिकलेली मुलगी, पण न सांगता केलं. ताट घेऊन नऊ वाजता मागच्या बागेत गेलो, स्टुलावर ठेवलं, पाणी फिरवलं आणि लांब उभा राहिलो.

शेजारच्या छपरावर दोन कावळे होते. इथे इंग्लंडातला कावळा डोमकावळ्यासारखा सगळाच काळा असतो, मानेला राखाडी नाही. त्याला आपलं कळतं की नाही देव जाणे. मी काव काव केलं. शेजारच्या बाईने खिडकीतून पाहिलं. मी अलकाला सगळी वचनं दिली, गिरीशला जपेन, गोळ्या वेळेवर घेईन, नातीला मराठी शिकवेन. कावळे बसून राहिले. एक कबुतर आलं आणि वड्यावर पाय देऊन उडून गेलं.

संध्याकाळी गिरीश म्हणाला, अण्णा, अन्न बाहेर टाकू नका, इथे चालत नाही. मी बरं म्हटलं. पण अलका उपाशी आहे हे त्याला कसं सांगू? ताट बागेच्या कोपऱ्यातल्या लाकडी शेडच्या मागे, कुंपणाला लागून ठेवलं आहे. तिथे कुणी जात नाही.

१६ सप्टेंबर

ताट साफ! भाताचं शीत नाही, खीर चाटून पुसून घेतलेली. मी उठायच्या आत येऊन गेला असणार. कावळा पहाटेचा पक्षी आहे. माणसांसमोर लाजत असेल.

दीड वर्षात पहिल्यांदा छाती हलकी वाटली. आता रोज ठेवणार. एकदा जेवून तिचं काय होणार?

२२ सप्टेंबर

पितृपक्ष संपला. मी थांबलो नाही. शास्त्राला धरून नसेल, पण रोज रिकामं ताट दिसतं त्यात सगळं आलं.

आज जेवताना मोठाच धक्का बसला. अन्वी, माझी नात, नऊ वर्षांची, मध्येच म्हणाली, "आजोबा, माहितेय, आईच्या लॅबमध्ये प्लेगवाले लोकांची दात आहे. बॉक्स भरून."

मला वाटलं पोर काहीतरी बरळते. गिरीश हसला. इरा म्हणाली, खरं आहे बाबा. केंब्रिजच्या आसपास खोदताना जुनी थडगी सापडतात, पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या साथीतली. दाताच्या आतल्या पोकळीत रक्त सुकून राहतं, त्यात रोगाची खूण सापडते. ती शोधणं हे तिचं काम.

इतकी वर्षं मला सांगत होते, सूनबाई जीवशास्त्रात आहे. मला वाटायचं झाडं, बेडूक असं काही.

मी प्लेग पाहिलेला माणूस आहे. हातातली चपाती तिनेच लाटलेली होती. ती म्हणते जंतू केव्हाच मेले, फक्त खूण उरली आहे, शिवाय हातमोजे घालतात. शिकलेली माणसं असं म्हणतातच. दोन्ही चपात्या खिशात घातल्या आणि नंतर शेडमागे ठेवल्या. अलकाला आता काय होणार आहे?

२३ सप्टेंबर

काखेत हात लावून पाहिलं. गाठ नाही. जांघेतही नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

इराला विचारलं, त्या लोकांना कशाने झालं असं वाटायचं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, राजाच्या वैद्यांनी सांगितलं, तीन ग्रह एका राशीत आले आणि हवा नासली. धर्मगुरू म्हणाले देवाचा कोप. लोक स्वतःला चाबकाने फोडत गावोगाव फिरले. जर्मनीकडे म्हणाले, ज्यू लोकांनी विहिरीत विष टाकलं, आणि त्यांना जाळलं, मुलाबाळांसकट.

मी विचारलं, ते ज्यू लोक आजारी पडत नव्हते?

"पडत होते ना. तेही मरतच होते."

"मग?"

"मग काही नाही बाबा. तरी जाळलं."

खरं कारण काय, तर उंदरावरच्या पिसवा. उंदीर मेला की पिसू माणसावर उडी मारते. काही जण म्हणतात माणसांच्या अंगावरच्या पिसवा आणि उवाही असतील. जहाजांतून, धान्याच्या पोत्यांतून आलं. उंदीर माणसांच्या पायाशी राहत होते, पण त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही, असं ती म्हणाली.

ही मुलगी बोलते तेव्हा ऐकत बसावंसं वाटतं. पण भाजीला तिचे हात लागले होते. मी पोट बिघडल्याचं सांगून फक्त दहीभात खाल्ला.

४ ऑक्टोबर

मेलेला उंदीर. कुंपणाजवळ, पोट वर करून, दात बाहेर.

चौऱ्याण्णव साली सुरतेला अगदी असंच, आधी उंदीर. मी फावड्याने पुरला, वर मीठ टाकलं, अंघोळ केली, पुन्हा अंघोळ केली. घरात कुणाला बोललो नाही. अन्वी घाबरेल.

मग कुंपणावरून पलीकडे पाहिलं. शेजारी रोमानियाकडचे नवरा-बायको भाड्याने राहतात. तो भाज्यांच्या गोदामात पॅकिंग करतो, ती इलियाना, सहा महिन्यांची मुलगी सोफिया. त्यांच्या बागेत गुडघाभर गवत, एक भिजलेली गादी, लंगोटांच्या पिशव्या. आता कळलं उंदीर कुठून येतात.

११ ऑक्टोबर, शनिवार

इथल्या मंडळाची कोजागिरी, सोमवारची आज शनिवारी. हॉलमध्ये बसून दूध प्यायचं, चंद्र कार पार्कमध्ये जाऊन पाहायचा. हरीशभाई भेटले. मूळचे सुरतेचे, त्यांच्याशी मी गुजरातीत पोटभर बोलतो. या गावात मला पोटभर बोलायला तेवढा एकच माणूस. शेजारचं घर त्यांचंच.

मी सांगितलं सगळं. उंदीर, गादी, लंगोट. जरा वाढवूनही सांगितलं असेल. म्हटलं, भाई, आपण सुरत पाहिली आहे. इथेही तसंच होईल. हरीशभाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या काकी त्याच साथीत गेल्या होत्या. म्हणाले, तुम्ही बोललात ते चांगलं केलंत, माझ्या घराला बट्टा नको.

येताना बरं वाटत होतं. घरी येऊन मंडळात उरलेली भेळ आणि दोन पुऱ्या शेडमागे ठेवल्या. अलकाला भेळ आवडायची.

१४ ऑक्टोबर

हरीशभाईंनी शेजारच्यांना घर सोडायची दोन महिन्यांची नोटीस दिली. गिरीशला ती बाई रस्त्यात भेटली तेव्हा रडत होती म्हणे. गिरीश म्हणाला, कारण काय तर घर घाण ठेवलं, उंदीर आले. कुणीतरी कान भरले असणार. मी टीव्ही मोठा केला.

मी एवढं व्हावं म्हणून नव्हतो बोललो. मला वाटलं होतं रागावतील, गवत कापून घेतील.

२४ ऑक्टोबर

काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, उंदीर मारणारा माणूस आला. लाल दाढी, हसरा. इराने बोलावला, कारण शेडमध्ये लेंड्या सापडल्या आणि रंगाचा ब्रश कुरतडलेला. दिवाळीचे कंदील अजून दारात होते, तो म्हणाला छान आहेत.

गुडघ्यांवर बसून त्याने टॉर्च मारला. आमच्याच शेडच्या जमिनीखाली मोठं बीळ, त्याला तीन तोंडं. मी गिरीशला म्हटलं, त्याला सांग, ते पलीकडून येतात आणि इथे झोपतात. गिरीशने सांगितलं की नाही कोण जाणे. मग तो माणूस काहीतरी बोलला आणि गिरीश माझ्याकडे वळला.

"अण्णा, तो विचारतोय, कुणी पक्ष्यांना वगैरे खायला घालतं का?"

मी नाही म्हटलं.

पक्ष्यांना मी खायला घालत नाही. मी अलकाला घालतो. हे त्या लाल दाढीवाल्याला समजावून सांगायचं कसं? आणि गिरीशने मना केलेलं असताना त्याच्यासमोर? ताट मी सकाळीच उचलून धुतलं होतं.

त्याने विषाच्या काळ्या पेट्या ठेवल्या. मी अन्वीला सांगितलं, हात लावलास तर तुझं काही खरं नाही. ती म्हणाली, आय नो, आजोबा.

२ नोव्हेंबर

इरा आता माझ्याशी रोज थोडं बोलते. मीच विचारतो. भीती वाटते आणि तरी विचारतो, दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं.

आज विचारलं, साथ सरल्यावर पुढे काय झालं? ती म्हणाली, या देशातली जवळजवळ अर्धी माणसं गेली. शेतं कापायला हात नव्हते. मग उरलेल्या मजुरांना भाव आला. ते जमीनदाराला सोडून जास्त देणाऱ्याकडे जायला लागले. राजाने कायदा केला, जुन्याच मजुरीवर राबायचं. लोकांनी जमेल तसा मोडला. काही गावं मात्र कायमची ओस पडली, अजून शेतात त्यांचे उंचवटे दिसतात.

मी म्हटलं, सुरतेलाही आम्ही परतलो तेव्हा मालकाने पहिल्यांदाच "बस भाऊ" म्हटलं होतं. मागावर बसायला माणूसच नव्हता.

ती म्हणाली, तुम्ही पळून गेला होतात? कुठे?

मी विषय बदलला. इथे लिहितो. सप्टेंबर महिना होता. रातोरात अर्धी सुरत रिकामी झाली. मी, अलका, गिरीश सहा वर्षांचा. ट्रकमधून धुळ्याकडे, मग चालत तापीकाठच्या आमच्या गावी. गावाच्या वेशीवर माणसं काठ्या घेऊन उभी होती, पुढे माझा थोरला भाऊ नथू. तो म्हणाला, सुरतवाल्यांना आत घेणार नाही. मी म्हटलं, अरे पोराला ताप नाही, बघ हात लावून. तो मागे सरकला. भाकरी एका दगडावर ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिला. अकरा दिवस आम्ही नाल्याकाठी काढले. आम्हाला काही झालेलं नव्हतं.

नथू गेला तेव्हा मी मातीला गेलो नाही.

७ नोव्हेंबर

दाढीवाला पुन्हा आला. पेट्यांतलं विष तसंच. त्याने डोकं खाजवलं. गिरीश म्हणाला, तो म्हणतो, यांना कुठेतरी याहून चांगलं जेवण मिळतंय. मी कुंपणाकडे बोट दाखवलं. पण पलीकडे आता काहीच नव्हतं. इलियानाच्या नवऱ्याने गवत कापलं आहे, गादी नेली, पिशव्या नेल्या. नोटीस मागे घेतील या आशेने.

रक्तदाब एकशे साठ.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी दारावरची घंटा वाजली. इलियाना. कडेवर सोफिया, उजव्या करंगळीला पांढरी पट्टी. पाळण्यात उंदीर आला होता.

मी जिन्यातच थांबलो. बाई बोलत होती आणि इरा मध्ये मध्ये तोंडावर हात ठेवत होती. डॉक्टरांनी औषध दिलं आहे, ताप नाही. मी वरूनच विचारलं, काखेत गाठ? इराने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पायऱ्या वर चढलो.

ती गेल्यावर इरा माझ्याजवळ येऊन बसली. त्यांना दुसरं घर मिळत नाही. इथे नवीन घर घ्यायला जुन्या घरमालकाची चिठ्ठी लागते, भाडेकरू चांगले आहेत अशी. हरीशभाई लिहून देतात की यांनी घरात उंदीर आणले. दोन घरं हातची गेली. डिसेंबरच्या तेरा तारखेला बाहेर पडावंच लागेल. पीटरबरो गावाजवळ शेतात एक कॅरव्हॅन आहे, चाकांवरची खोली, नवऱ्याच्या मुकादमाची. त्यात हीटर नाही.

"बाबा, हरीशभाई तुमचं ऐकतात. एक फोन करा. एवढंच म्हणा, ही माणसं स्वच्छ आहेत. घरात नका ठेवू, पण चिठ्ठी तरी चांगली द्या. तान्हं मूल आहे."

मी करतो म्हटलं.

१६ नोव्हेंबर

हरीशभाई रविवारी देवळात असतात. फोन केला नाही.

१९ नोव्हेंबर

फोनचं चार्जिंग नव्हतं.

२३ नोव्हेंबर

फोन करून म्हणायचं काय? मीच सांगितलं, आता मीच उलटं सांगू? ते म्हणतील, भाई, तुमच्या जिभेला हाड आहे का? मग कोजागिरीला, संक्रांतीला माझ्याशी बोलणार कोण? आणि इरा-गिरीशला कळेल की कान भरणारा मी.

आणि त्यांच्याकडे उंदीर होतेच ना. पोरीला चावला तो त्यांच्याच घरात चावला.

इराला सांगितलं, हरीशभाई फोन उचलत नाहीत. ती बरं म्हणाली. कपडे वाळत घालायला गेली आणि बराच वेळ बागेतच उभी होती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

इराने पाहिलं.

सकाळी सात, अजून नीट उजाडलं नव्हतं. मी भात, उरलेली भाजी आणि तिच्या तीन चपात्या घेऊन शेडमागे वाकलो होतो. मागून तिने हाक मारली. अंगात कोट, पायात गिरीशच्या चपला. मी ताट लपवायला पाहिलं. ताट कुठे लपवणार?

तिने विचारलं, हे काय? मी सांगितलं, अलकाचं. कावळा येतो. रोज येतो, अगदी साफ करून जातो.

"तुम्ही पाहिलाय कावळा?"

मी म्हटलं, पहाटे येत असेल.

"कधीपासून?"

"अविधवा नवमीपासून."

तिने बोटांवर मोजलं. मग कुंपणाकडे पाहिलं, शेडखालच्या बिळाकडे पाहिलं, आणि तिथेच ओल्या गवतात खाली बसली. मला वाटलं आरडाओरडा करील. माझ्या सुनेने आजवर माझ्यासमोर आवाज चढवलेला नाही, आजही नाही. तिने ताटातली चपाती उचलली, उलटी करून पाहिली आणि विचारलं, माझ्या चपात्या का?

मी खरं सांगितलं. तुझे हात दातांना लागतात म्हणून.

तिने चपाती परत ताटात ठेवली. रडत होती की थंडीने नाकातून पाणी येत होतं, मला कळलं नाही. अलका गेली तेव्हा हिनेच तिचे केस विंचरले होते.

३० नोव्हेंबर, रविवार

इराने समोर बसवून फोन लावायला लावला. हरीशभाईंना मी सांगितलं, भाई, चूक झाली, उंदीर आमच्याकडचे होते. त्या लोकांची काही चूक नाही.

ते हसले. म्हणाले, अरे तुमचं मन फार मऊ. आता काय उपयोग? दुसरी माणसं ठरलीसुद्धा, जानेवारीत येतात, आपल्यातलीच आहेत, तुम्हाला सोबत होईल. मी म्हटलं, मग चिठ्ठी? ते म्हणाले, भाई, एकदा एक लिहून दिलं, आता दुसरं लिहिलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवील? तुमच्या शब्दावर तर सगळं केलं.

इराला गुजराती थोडं समजतं. शेवटचं वाक्य तिला समजलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत तिला फक्त ताटाचं माहीत होतं.

४ डिसेंबर

ताट बंद. इराने शेडमागची जागा घासून काढली, गिरीशने बिळात सिमेंट भरलं. गिरीश माझ्याशी कामापुरतं बोलतो. इरा पूर्वीसारखीच बोलते. ते जास्त लागतं.

दुपारी एकटा असतो तेव्हा स्वयंपाकघरातल्या भिंतीत खुडखुड ऐकू येते. आधी डाव्या बाजूला होती, आता सिंकखाली. बाहेर काही मिळत नाही तर आत आले असतील. मी वाटी आपटली की थांबतात, ऐकतात, पुन्हा सुरू करतात.

इराच्या हातची चपाती आता खातो. ती वाढते, मी खातो.

१२ डिसेंबर

इरा म्हणाली, उद्या ते निघताना तुम्ही स्वतः सांगा. तुमच्या तोंडाने. मी फक्त इंग्रजी करीन.

मी कागदावर पाच ओळी लिहिल्या आहेत. ताट कधीपासून ठेवत होतो ते. दाढीवाल्याला खोटं बोललो ते. हरीशभाईंना काय सांगितलं ते. फोनचं चार्जिंग होतं, तेही.

१३ डिसेंबर, शनिवार

गेले.

सकाळपासून दव गोठलेलं होतं. दारात पांढरी व्हॅन, तिच्यात पाळण्याचे सुटे भाग, एक टीव्ही, कपड्यांच्या पिशव्या. नवऱ्याने गाडी सुरू करून ठेवली होती. इलियाना फाटकाशी उभी, सोफिया खांद्यावर, तोंडापर्यंत शालीत गुंडाळलेली. मी आणि इरा गेलो. अन्वीला घरातच ठेवलं.

कागद खिशात होता. मी तो काढला नाही, पाठ केलं होतं. इरा माझ्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, बोला बाबा. इलियाना माझ्याकडे पाहून थोडी हसली. तिला वाटलं म्हातारा निरोप द्यायला आला. मी तोंड उघडलं. समोर पोरीचा हात शालीबाहेर आला होता, पट्टी आता नव्हती, करंगळीवर नुसता गुलाबी डाग.

"सांभाळून जा," मी म्हणालो.

इरा थांबली. मी पुढे बोलेन म्हणून थांबली. व्हॅनच्या धुरामुळे सगळ्यांना खोकला येत होता. मी खाली पाहिलं.

मग इरा इलियानाकडे वळून इंग्रजीत बोलायला लागली. बोलतच राहिली. हलक्या आवाजात, न अडखळता, वर्गात शिकवावं तसं. मला त्यातला एक शब्द कळला, शेड. इलियानाने इराकडे पाहिलंच नाही, सगळा वेळ माझ्याकडे पाहत होती. इरा थांबल्यावर तिने सोफियाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, पोरीचा हात शालीत घातला आणि गाडीत जाऊन बसली.

घरात आल्यावर मी इराला विचारलं, काय काय सांगितलंस तिला?

ती चहाचं आधण ठेवत होती. वळली नाही.

"तुम्ही म्हणालात तेच," ती म्हणाली.

मी दोनच शब्द बोललो होतो.